लुगड्याचा कठडा

“उद्या. तवर लुगडं बांधा.”

हे सांगताना अण्णा मान वर करत नसत. एका हातात काळी काच, दुसऱ्या हातात वेल्डिंगची कांडी आणि पुढ्यात आडवी पडलेली कुणाची तरी जाळी. गिऱ्हाईक दारात उभं राहून रेलिंग कधी बसवणार म्हणून विचारायचं आणि काचेमागून एवढंच उत्तर यायचं. लगेच ठिणग्या उडायला लागायच्या, गिऱ्हाइकाला दोन पावलं मागं सरकावं लागायचं. मागं सरकलेलं माणूस फार वाद घालत नाही. अण्णांना हे पक्कं ठाऊक असावं.

बिदर जिल्ह्यातल्या आमच्या राजेश्वर गावात हायवेला लागून त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. त्यावर पाटी नव्हती. त्यांना नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. मराठी, कन्नड, दखनी बोलणारे सगळेच त्यांना अण्णा म्हणत, आणि अण्णाही ज्याला त्याला त्याच्या भाषेत उत्तर देत. कन्नड गिऱ्हाइकाला ‘नाळे’, दखनी बोलणाऱ्याला ‘कल’ आणि आम्हाला ‘उद्या’. तो दिवस मात्र तिघांनाही सारखाच उशिरा उजाडायचा.

एकदा एक म्हातारी दुकानापुढं येऊन बसली. म्हणाली, “अण्णा, तुमचा उद्या माझ्या नातवाच्या लग्नापतूर उजाडंल का?”

“नातवाला नवं घर बांधा आजी, दोन्हीकडचं संगंच बसवून देतो.”

म्हातारीसकट सगळे हसले. मीही हसलो. मी तेव्हा शाळेच्या खिडकीची मोडकी जाळी घेऊन आलो होतो. ती अठरा दिवसांनी मिळाली.

त्यांच्या कामाला नाव ठेवायला मात्र जागा नव्हती. त्यांनी बसवलेल्या गजाला बैल बांधला तरी तो हलायचा नाही. म्हणून तर लोक थांबायचे. आणि थांबायचं म्हणजे काय करायचं, तेही अण्णाच सांगायचे: लुगडं बांधायचं.

तुम्ही आमच्या भागातून बसनं गेला असाल तर ही लुगडी तुम्हीही पाहिली असतील. नवं, बिनरंगाचं घर, बाहेरून वर गेलेला जिना, आणि त्याच्या उघड्या बाजूला खालपासून वरपर्यंत ताणलेलं एक जुनं लुगडं. लांबून वाटतं वाळत घातलंय. ते वाळत घातलेलं नसतं. आमच्याकडं घर एका दमात होत नाही. आधी स्लॅब पडतो, त्याच्यासोबत जिना होतो. सेंट्रिंगच्या फळ्या निघाल्या की त्याच दिवसापासून जिना वापरात येतो, कारण तूर वाळवायला गच्ची लागते, उन्हाळ्यात झोपायला गच्ची लागते. मग गिलावा, फरशी, दारं, रंग. रेलिंगची पाळी सगळ्यात शेवटी. तोवर जिन्याच्या एका बाजूला भिंत असते आणि दुसऱ्या बाजूला काही नसतं. तिथं लुगडं असतं.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवतो. वस्तू खाली का पडते, हे मुलांना फळ्यावर काढून दाखवतो. आम्ही ज्या भाड्याच्या घरात राहायचो, त्याच्याही जिन्याला असंच एक हिरवं लुगडं होतं. दोन वर्षं मी त्याच्या बाजूनं वर-खाली केलं आणि एकदाही मनात काही आलं नाही. हे आधी कबूल केलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं मी अण्णांच्या माथी मारतोय असं वाटेल.

आमच्या गल्लीत समोरच तुरीचा व्यापार करणारं एक कुटुंब आहे. घरात आजी-आजोबा, मुलगा, सून आणि तेव्हा सव्वादोन वर्षांचा नातू ओंकार. सुनेला मी वहिनी म्हणतो. त्यांनी जुन्या घरावर नवा स्लॅब टाकला होता. आजोबा तीनदा अण्णांच्या दुकानात जाऊन आले. तिन्ही वेळा ‘उद्या’. अण्णांनी त्या महिन्यात गाणगापूरच्या एका लॉजच्या खिडक्यांच्या जाळ्यांचं मोठं काम अंगावर घेतलं होतं. ओंकारच्या घरचं रेलिंग तयार होऊन दुकानात भिंतीला टेकून उभं होतं. फक्त नेऊन बसवायचं राहिलं होतं. अर्ध्या दिवसाचं काम.

आजोबांनी लुगडं बांधलं. चांगलं नऊवारी, दुहेरी करून, वर लोखंडी सळईला आणि खाली खांबाला कचकावून गाठी मारल्या.

तो शनिवार होता. शाळा सकाळची, मी दुपारी घरी येऊन नुकताच पाय धुतला होता. वहिनी अंगणात भांडी घासत होत्या. आजी गच्चीवर तूर हलवत होत्या. ओंकार वर होता, तो एकटाच पायऱ्या उतरत निम्म्यात आला. त्याचा एक रोजचा खेळ होता: लुगड्यात तोंड खुपसायचं आणि खाली आईला ‘भो’ करायचं. वहिनींना कापडातून त्याचं नाक, गाल दिसायचे. त्या भ्यायल्याचं सोंग करायच्या. त्या दिवशीही तो टेकला. मोठ्या माणसाला माहीत असतं की ते कापड आहे. लेकरासाठी ती भिंत होती. आपणच त्याला ती भिंत म्हणून दाखवली होती.

कापड मध्यावर फुगलं आणि तो त्याच्या खालून निसटला.

आवाजानं मी धावलो. जीप निघाली तेव्हा मागच्या सीटवर ओंकारचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि पाय वहिनींच्या. बिदरला न्यायचं होतं. हुमनाबादच्या थोडं पुढं गेल्यावर वहिनी म्हणाल्या, “सर, ह्याचे पाय गार पडायलेत.” ड्रायव्हरनं गाडी आणखी पळवली. मला तेव्हाच कळलं होतं.

परत आलो तेव्हा लुगडं तिथंच होतं. एकही गाठ सुटली नव्हती.

तिसऱ्या दिवशी अण्णा आले. येताना ते रेलिंग घेऊन आले. टेम्पोत लाल प्रायमर मारलेलं ते सगळं धूड, वेल्डिंगचं मशीन, वायरी. आज मला वाटतं, त्यांना दुसरं काही येत नव्हतं. कुणाच्या घरी दुःख झालं तर आपण भाकरी नेतो, जाऊन नुसते बसतो. अण्णांना त्या घराचं एकच देणं माहीत होतं आणि ते त्यांनी आणलं.

दारात बायका बसल्या होत्या. मधे वहिनी. त्यांनी टेम्पोकडं पाहिलं, मग अण्णांकडं. आवाज चढवला नाही, रडल्याही नाहीत.

“आज आलाव व्हय,” त्या म्हणाल्या.

एवढंच. आजोबांनी हातानंच टेम्पो मागं घ्यायला सांगितलं.

अण्णांना कुणी दोष दिला नाही. पोलिसांनी अपघात लिहिला. गावात लोक म्हणाले, लेकराकडं लक्ष नको का द्यायला. काही जणांनी तर आजीलाच बोल लावला. अण्णांबद्दल कुणी ब्र काढला नाही, कारण प्रत्येकाच्याच घरचा जिना कधी ना कधी त्यांच्या ‘उद्या’वर थांबलेला होता. पुढं एकदा अण्णा मला म्हणाले, “कुणी चार शब्द बोललं असतं तर भांडलो असतो मास्तर. माझ्याकडं उत्तरं होती. गाणगापूरचं काम व्हतं, करंट नव्हता, माणूस आजारी व्हता. पण कुणी इचारलंच न्हाई.”

त्यानंतर दुकानात ‘उद्या’ ऐकू आला नाही. अण्णांनी मोठी कामं घेणं बंद केलं. लॉज नको, शटर नको, देवळाची कमान नको. फक्त जिने आणि गच्चीचे कठडे. कुठं स्लॅब पडला हे त्यांना गवंड्याच्या आधी कळायचं. बोलावलेलं नसताना ते सायकलवरून जाऊन उभे राहायचे आणि पहिला प्रश्न ठरलेला: “घरात ल्हान कोण हाय?”

लुगडं दिसलं की स्वतः सोडायचे. घरमालक चिडायचे. “आवं, तेवढाच आधार हाय की.”

“आधार न्हाई, सोंग हाय,” अण्णा म्हणायचे. “उघडं दिसू द्या. उघडं दिसलं की माणूस जपतंय. झाकलं की इसरतंय.”

मग ते जिन्याच्या पायथ्याशी विटा रचायला लावत, नाहीतर बाभळीच्या फांद्या आणून टाकत. मोठ्यांना ओलांडता याव्यात, लहानांना नाही, एवढ्या उंचीच्या. लोक म्हणू लागले, अण्णाला खूळ लागलंय. हॉटेलात कुणीतरी मुद्दाम विचारायचं, “काय अण्णा, आमच्या म्हशीच्या गोठ्याला रेलिंग कवा?” अण्णा शांतपणे विचारायचे, “गोठ्याला जिना हाय का?” विचारणाऱ्यालाच कसंनुसं व्हायचं.

त्यांच्या पिशवीत आता एक सोललेला नारळ असायचा. रेलिंगच्या दोन गजांमधून तो नारळ घालून पाहायचा. गेला, तर सगळं उचकटायचं. “नारळ गेला तर डोस्कं जातंय,” असा त्यांचा हिशेब. आडवे पाइप लावायला तर त्यांनी साफ नकार दिला होता. फोनवर शहरातल्या घरांचे फोटो दाखवून लोक म्हणायचे, असं चकचकीत आडवं पायजे. अण्णा म्हणायचे, “ही तर शिडी झाली. लेकराला चढाय शिडी देताव आन् वर त्याला शोभा म्हणताव.” दोन-चार गिऱ्हाइकं त्या कारणानं तुटली. अण्णांनी त्यांना अडवलं नाही, पण त्यांच्या घरात लहान कोण आहे हे मात्र विचारून ठेवलं.

आता आमच्या घराचं सांगतो.

माझे वडील जन्मभर सेंट्रिंगच्या कामावर मजूर होते. दुसऱ्यांचे स्लॅब पडताना काँक्रीटची घमेली डोक्यावर घेऊन ते वर चढायचे. त्यांच्या मुलानं त्याच गल्लीत, भाड्याच्या घराशेजारीच जागा घेऊन स्लॅबचं घर बांधलं, तेव्हा त्यांनी जिन्याची एक-एक पायरी हातानं चोळून पाहिली होती. बुद्धपौर्णिमेला घरात प्रवेश करायचा असं त्यांनी ठरवलं. भन्ते येणार होते, पाहुणे येणार होते, जेवण गच्चीवर मांडवाखाली. माझी मुलगी प्रज्ञा तेव्हा दीड वर्षाची होती.

अण्णांनी रेलिंग आठ दिवस आधीच तयार करून ठेवलं होतं. पण ते जिन्याला जोडायला करंट लागतो, आणि पौर्णिमेच्या तीन दिवस आधी गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला. लग्नसराई, त्यामुळं जनरेटर मिळेना. अण्णा रोज सकाळी येऊन बटण दाबून बघायचे आणि जायचे. “तारीख पुढं ढकला मास्तर,” ते म्हणाले. मी वडिलांकडं पाहिलं. वडील म्हणाले, “पौर्णिमा ढकलता येती व्हय?”

पौर्णिमेच्या सकाळी सात वाजता अण्णा आले, तर जिन्याला लुगडं बांधलेलं. वडिलांनी पहाटे उठून बांधलं होतं. आईचं चांगलं, निळ्या काठाचं.

अण्णांनी वरची गाठ सोडायला घेतली.

वडील पुढं आले. “हात लावू नका अण्णा. चाळीस वर्षं उघड्या जिन्यावरनं घमेली वाहिल्याली हायती मी. मला शिकवू नका.”

“तुमी वाहिली मामा,” अण्णा म्हणाले. त्यांनी माझ्या बायकोच्या कडेवरच्या प्रज्ञाकडं बोट केलं. “हिनं न्हाई.”

लुगडं निघालं. वडील रागानं लाल झाले होते. पाहुणे तर यायला लागले होते, आणि पाहुण्यांबरोबर लहान मुलं. बाभळ टाकायची तर म्हातारी माणसं वर कशी जाणार? अण्णांनी जिन्याकडं एकदा वर, एकदा खाली पाहिलं. मग ते निम्मा जिना चढून गेले आणि उघड्या काठाला, बाहेरच्या बाजूला पाठ करून पायरीवर बसले.

“जाऊ द्या सगळ्यांना,” ते म्हणाले. “भितीकडनं जावा म्हणावं.”

त्रिशरण, पंचशील झालं. भन्तेंनी परित्राणाचा पाठ म्हटला. अण्णा जिन्यावरच हात जोडून बसले होते. मग जेवणं सुरू झाली आणि वर-खाली रांग लागली. प्रत्येक लहान मुलाला अण्णा हाताला धरून भिंतीकडं सरकवायचे. पण एक माणूस एका पायरीपुरता. जिन्याला सतरा पायऱ्या होत्या. तिसऱ्या पायरीवर एक पोरगी काठाला गेली आणि अण्णा बसल्या जागेवरून खाली झेपावले. तिला धरलं, पण त्यांचं कोपर फुटलं.

वडील अंगणातून हे पाहत होते. काही वेळानं ते जिना चढले आणि अण्णांच्या वर चार पायऱ्या सोडून बसले. पाठ उघड्या बाजूला. चेहऱ्यावरचा राग तसाच होता. मग अण्णांच्या खाली चार पायऱ्या सोडून मी बसलो. माझे एक मावसभाऊ बसले, शाळेतले दोन शिक्षक बसले. बघता बघता दर दोन पायऱ्यांना एक माणूस झाला.

वाढपी वरून ओरडला, “सर, ते रेलिंग जेवलंय का?”

“रेलिंगला इथंच वाढा,” वडील म्हणाले.

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत आणि जेवलेही नाहीत. आई ताट घेऊन गेली तर म्हणाले, “हात गुतला तर कसं मामी.” संध्याकाळी शेवटचं लेकरू खाली उतरलं, तेव्हा त्यांना उठवायला दोघांनी धरावं लागलं.

दोन दिवसांनी करंट आला. अण्णांनी रेलिंग जोडलं आणि पिशवीतून नारळ काढला. आई घाईघाईनं म्हणाली, “अण्णा, आमच्यात नारळ फोडत न्हाईत.”

“फोडाय न्हाई मामी, मोजाय.”

सतरा पायऱ्या, प्रत्येक फट. कुठंच गेला नाही. मग ते निघाले, आणि फाटकाजवळ थांबून त्यांनी मला हळूच विचारलं, “समोर ल्हान हाय ना आता?”

समोर म्हणजे ओंकारच्या घरी. तिथं मुलगी झाली होती, भाग्या. सहा महिन्यांची होती. त्या घराच्या जिन्याला अजून काही नव्हतं. ओंकार गेल्यापासून आजोबांनी पायथ्याला पत्र्याचं दार करून कुलूप लावलं होतं. तूर अंगणातच वाळायची. पण घर म्हटल्यावर कुलूप कधी ना कधी उघडं राहतं.

तेव्हापासून अण्णांचं रोजचं विचारणं सुरू झालं. शाळेतून येताना मला त्यांच्या दुकानावरून यावं लागायचं. ते काच बाजूला करून विचारायचे, “बसायलीय का?”

“बसायलीय.”

काही महिन्यांनी, “रांगायलीय का?”

“रांगायलीय.”

ते मान हलवून पुन्हा कामाला लागायचे. भिंतीला टेकवलेलं ते लाल प्रायमरचं रेलिंग तिथंच होतं. त्याच्या मापाचा जिना गावात दुसरा नव्हता असं नाही, कापून कुठंही बसलं असतं. कुणी मागितलं तर अण्णा म्हणत, “ते दिल्यालं हाय.”

एक दिवस मी म्हणालो, “धरून उभी राहायलीय.” अण्णांनी कांडी खाली ठेवली. “मास्तर, तुमी एकदा इचारून बघा. मी न्हाई येत. माझा माणूस येऊन बसवंल. मी त्या दिवशी गल्लीत पाऊल टाकत न्हाई.”

मी गेलो. ओंकारचे वडील चांगले माणूस आहेत. त्यांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. “सर, रेलिंग तर बसवायचंच हाय,” ते म्हणाले. “पण त्यांच्या हातचं नको. रोज सकाळी दार उघडलं की ते डोळ्यापुढं. आमच्या घरात कुणालाच सोसणार न्हाई.” आत वहिनी होत्या. त्या बाहेर आल्या नाहीत.

पुढच्याच आठवड्यात हुमनाबादहून एक वेल्डर आला आणि दिवसभरात काम करून गेला.

हे अण्णांना कसं सांगावं, मला सुचेना. दोन दिवस मी दुसऱ्या रस्त्यानं घरी गेलो. तिसऱ्या दिवशी तेच हायवेवर उभे होते.

“बसलं का?” त्यांनी विचारलं. त्यांना आधीच कळलं होतं.

“बसलं.”

“हुबे गज हायत?”

“हुबेच हायत.”

“वरपतूर? गच्चीच्या तोंडाला सोडलं न्हाई ना?”

“वरपर्यंत हाय अण्णा.”

“मग बेस झालं,” ते म्हणाले. मला त्यांच्या चेहऱ्याकडं बघवेना, पण त्यांनी तोंड फिरवलं नाही. “कुणी का बसवंना.” असं म्हणून ते दुकानात गेले. त्या दिवशी ग्राइंडरचा आवाज बराच वेळ येत होता. दुसऱ्या दिवशी भिंतीला टेकवलेलं रेलिंग दिसलं नाही. त्याचं काय केलं ते मी विचारलं नाही.

अण्णा जाऊन आता दुसरं वर्ष चालू आहे. सकाळी दुकान उघडताना छातीत कळ आली. गुलबर्ग्याला नेलं, पण उपयोग झाला नाही. दुकानाच्या जागी आता पंक्चरवाला बसतो. नवे स्लॅब पडतातच आहेत, आणि गेल्या महिन्यात मी बसवकल्याणला जाताना रस्त्याच्या कडेच्या घरांवर पुन्हा चार ठिकाणी लुगडी पाहिली. एका ठिकाणी उतरून सांगितलं. त्या माणसानं माझ्याकडं असं पाहिलं की मला अण्णांची फार आठवण झाली.

त्यांच्याबद्दल लिहायला बसलो की बाकी सगळं मागं सरतं आणि एक दुपार पुढं येते. ते जाण्याच्या महिनाभर आधीची. रविवार होता. समोरची भाग्या दोन वर्षांची झाली होती, आमच्या प्रज्ञासोबत खेळायला ती आमच्याकडं यायची. पत्र्याचं दार, कुलूप यांतलं काही आमच्या घरी नव्हतं, त्यामुळं दोघी दिवसभर जिन्यावर.

अण्णा चहाला आले होते. खुर्ची दिली तरी ते जिन्यावरच बसले, काठाकडं, त्यांनीच बसवलेल्या गजांना पाठ लावून. दोघी वर-खाली करत होत्या. प्रज्ञा गेली तर ते नुसतं पाहायचे. भाग्या जवळून गेली की तिच्या फ्रॉकचं टोक दोन बोटांत धरायचे आणि तिच्यासोबत एक पायरी वर सरकायचे, एक पायरी खाली सरकायचे. मी पाहत होतो. गजांच्या मधून मांजरही गेलं नसतं. तरी ते फ्रॉक धरत होते.

“सोड ना,” भाग्या म्हणायची. अण्णा सोडत नव्हते.

तेवढ्यात फाटक वाजलं. वहिनी भाग्याला न्यायला आल्या होत्या. तीन वर्षांत त्या आणि अण्णा समोरासमोर आले नव्हते. त्या जागीच थांबल्या. मी चहाचा कप हातात घेऊन उभा. अण्णांनी त्यांना पाहिलं, आणि लगेच नजर खाली पायरीवर नेली. उठून जायला हवं होतं बहुतेक, पण उठायचं तर फ्रॉक सोडावा लागला असता.

वहिनी जिना चढून आल्या. अण्णांच्या पायरीपाशी उभ्या राहिल्या.

“सोडा अण्णा,” त्या म्हणाल्या.

अण्णांची बोटं सुटली नाहीत. ऐकू आलं नसेल, किंवा सुटतच नसतील. वहिनी खाली वाकल्या, त्यांची ती दोन बोटं आपल्या हातानं उघडली आणि फ्रॉक मोकळा केला.

“सोडा. मी हाय की.”

मग त्यांनी भाग्याला कडेवर घेतलं आणि उतरायला लागल्या. शेवटच्या पायरीपर्यंत त्यांनी दुसरा हात अण्णांच्या रेलिंगवरून उचलला नाही.